मेथीचा वास

डिसेंबर होता, कापूस वेचणीचे दिवस. सकाळची ओपीडी अकरालाच ओस पडली होती. पांढरकवड्याकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी तेव्हा वैद्यकीय अधिकारी होते. सिस्टर लसींचा हिशोब लावत होत्या, तेवढ्यात आशाताई एका बाळंतिणीला आणि तिच्या आईला घेऊन जवळजवळ पळतच आत आल्या.

"मॅडम, तिसऱ्या दिवशीच्या भेटीत हे लेकरू चांगलं पेत होतं. आज तोंडच लावत नाई."

मुलगा, आठ दिवसांचा. जन्म दवाखान्यातलाच, वजन चांगलं, ताप नाही. हाक मारली तर डोळे अर्धवट उघडायचा आणि मिटायचा. उचलला की लुळा पडायचा आणि मध्येच पाठ धनुष्यासारखी ताणायचा. पाय सायकल चालवल्यासारखे गोल फिरायचे. ग्लुकोमीटरवर साखर ७८. नवजात बाळ सुस्त दिसलं की आम्ही आधी जंतुसंसर्ग धरतो, तसा मीही धरला आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊन टाकला.

लंगोट बदलताना सिस्टर म्हणाल्या, "बाई, मेथीचे लाडू जोरात चाललेले दिसतात."

वास मलाही आला होता. मेथी आणि करपलेली साखर यांच्या मधला. त्यात नवल वाटावं असं काही नव्हतं. बाळंतीण मेथी खाते, तो वास तिच्या घामाला, दुधाला लागतो, बाळाच्या लंगोटालाही लागतो. मी हसले आणि सुई लावायला शीर शोधू लागले.

पण आजीचा चेहरा पडला. "मेथी? मेथी तं अजून निसलीबी नाई, मॅडम. लाडू आमी बारशाच्या मंग करतो."

मी हातातली सुई खाली ठेवली.

एमबीबीएसला असताना एका तासाला ऐकलेली गोष्ट आठवली. १९५४ साली बॉस्टनच्या मेंकिस आणि सहकाऱ्यांनी एकाच घरातल्या चार भावंडांची हकीकत छापली होती. चौघंही जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत दगावली आणि चौघांच्या लघवीला मेपलच्या पाकासारखा वास होता. त्यावरून आजाराला नाव पडलं मेपल सिरप युरीन डिसीज. मेपलचं झाड आमच्याकडे पाहिलंय कुणी? हा आजार विदर्भात सापडला असता तर नाव मेथीवरूनच पडलं असतं, आणि ते चुकलंही नसतं. मेथीला आणि या लघवीला वास देणारा पदार्थ एकच आहे, सोटोलोन.

नागपूरला माझ्या जुन्या मॅडमना फोन लावला. त्यांनी फार विचारलं नाही. "कानात वास घे. कानातल्या मळाला लघवीच्याही आधी येतो. आणि लघवीत कीटोन बघ." कान हुंगला. होता. पट्टी लघवीत बुडवली, ती गडद जांभळी झाली. नवजात बाळाच्या लघवीत कीटोन असे सापडत नाहीत. आईला विचारलं तर नवरा तिच्या आत्याचाच मुलगा. आणि दोन वर्षांपूर्वी पहिला मुलगा बाराव्या दिवशी गेलेला. कागदावर जंतुसंसर्ग. आजी हळूच म्हणाली, "त्याच्याबी लंगोटाले असाच वास ये."

ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन ही तीन अमिनो आम्लं आपलं शरीर बनवू शकत नाही, ती अन्नातूनच येतात. आमच्या फार्मासिस्टचा मुलगा तालुक्याच्या जिममध्ये जातो, तो याच तिघांचा डबा महागात आणून पाण्यात घोळून पितो. शरीर ती वापरतं आणि उरलेली एका एन्झाइमच्या मदतीने जाळतं. या बाळात ते एन्झाइमच बिघडलेलं असतं. मग ल्युसीन साठतं आणि मेंदूला सूज आणतं. आईच्या दुधात प्रथिनं कमी, म्हणून कधी कधी लक्षणं दुसऱ्या आठवड्यापर्यंत लांबतात. पण विष चढतं ते त्याच दुधातून.

आता मला आईला सांगायचं होतं, दूध बंद. गावोगावी सहा महिने फक्त अंगावरचं दूध म्हणून भिंती रंगवणारे आम्हीच. मधाचं बोट चाटवलं म्हणून मी आज्यांना दमात घेतलेलं आहे. मी सांगितलं तेव्हा तिनं पदर सावरला आणि बाळ सिस्टरकडे दिलं, बोलली काहीच नाही. नुसतं उपाशी ठेवूनही भागत नाही. बाळ उपाशी राहिलं की शरीर स्वतःचेच स्नायू मोडतं आणि ल्युसीन आणखी वाढतं. म्हणून ग्लुकोजची सलाइन सुरू ठेवूनच १०८ मध्ये बसवलं. नागपूर तीन तास. सिस्टर सोबत गेल्या, मी दर अर्ध्या तासाला फोन करत राहिले. दुपारी दोन पेशंट आले होते, त्यांना काय दिलं ते आज आठवत नाही.

नागपूरला पोटातून डायलिसिस केलं. रक्ताच्या वाळवलेल्या थेंबांचा अहवाल आला, ल्युसीन नेहमीच्या दसपटीहून जास्त. प्रत्येक नवजात बाळाची ही तपासणी आपल्याकडे होत नाही. पहिल्याची झाली असती तर, हा विचार मी तेव्हा मुद्दाम बाजूला ठेवला.

पाच आठवड्यांनी ती केंद्रात आली. बाळ वाचलं होतं. मान धरायला उशीर होईल असं तिथल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. पिशवीत ल्युसीन नसलेल्या पावडरीचा डबा होता. बसल्या बसल्या तिनं विचारलं, "मंग पयल्यालेबी माह्याच दुधानं झालं का?"

मी सांगितलं, दोष दुधाचा नाही. तुम्हा दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक आलं आणि दोन्ही एकत्र आली. पुढच्या वेळीही चारात एक अशी शक्यता राहील, म्हणून दिवस गेले की लगेच या. तिनं ऐकलं. पटलं की नाही, कळलं नाही.

मग तिनं पिशवीतून एक छोटी बाटली काढली. ल्युसीन अगदी शून्यावर आणूनही चालत नाही, वाढीला थोडं लागतंच. म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी पावडरीच्या दुधासोबत तिचं स्वतःचं दूध मोजून द्यायला सांगितलं होतं. बाटलीवर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने ओढलेली रेघ.

"इथलोग," ती रेघेवर बोट ठेवून म्हणाली. "याच्या वर नाई."