भरलेली यादी रिकामी झाली तेव्हा

पगाराचा रिपोर्ट कोरा निघत होता. लॉगमध्ये एकही एरर नव्हती. उलट डेटाबेसमधून नोंदी वाचल्याची ओळ व्यवस्थित उमटलेली. महिनाअखेर असल्यामुळे अकाउंट्सचे फोन थांबेनात, आणि सगळ्यांचं बोट टीममध्ये नव्यानेच आलेल्या मुलीकडे. आदल्या दिवशीचा बदल तिचा एकटीचाच होता, तोही एका ओळीचा. प्रोग्राम जावा भाषेतला. त्यात क्लास म्हणजे ऑब्जेक्टचा साचा, आणि चाइल्ड क्लास म्हणजे दुसऱ्या, पॅरेंट क्लासवर बेतलेला साचा. चाइल्ड क्लासमधलं यादीचं फील्ड, म्हणजे यादी ठेवायची जागा, आधी नुसतं जाहीर केलेलं होतं. तिने त्याला सुरुवातीलाच रिकामी अ‍ॅरेलिस्ट दिली, पुढे कुठे नल, म्हणजे काहीच नसलेली किंमत, अंगाशी येऊ नये म्हणून. जावात काम करणारा कुणीही हेच करेल.

"सर, यादी नंतर लोड होतेच ना? मग रिकामी कशी राहील?" तिचा प्रश्न रास्त होता.

आम्ही डीबगर लावला, म्हणजे कोड एकेक ओळ चालवून पाहिला. पॅरेंट क्लासच्या कन्स्ट्रक्टरची, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालणाऱ्या कोडची, शेवटची ओळ नोंदी वाचणाऱ्या लोड() या मेथडला कॉल करत होती, आणि ती मेथड चाइल्डने ओव्हरराइड केलेली, म्हणजे स्वतःची वेगळी लिहिलेली. जावात पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर चालू असतानाही चाइल्डचीच मेथड धावते. ती धावली, यादी भरली, नोंदी स्क्रीनवर दिसल्या. पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर संपला आणि कर्सर थेट तिच्या त्या ओळीवर आला. आणखी एक स्टेप, आणि साइझ शून्य! चाइल्डच्या फील्डना सुरुवातीच्या किमती मिळतात त्या पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर आटोपल्यावरच. सी शार्प या दुसऱ्या भाषेत हा क्रम उलटा आहे, तिथे असाच कोड बिनबोभाट चालला असता.

तिची ओळ काढून टाका, असा मॅनेजरचा आग्रह. रिपोर्ट लगेच सुरू झाला असता हे खरं, पण दोष त्या ओळीत नव्हताच. ज्या मेथडला चाइल्ड ओव्हरराइड करू शकतो तिला कन्स्ट्रक्टरमधून कॉल करूच नये, असं माझं ठाम मत आहे.

लोड() आम्ही बाहेर काढलं. आता एक स्टॅटिक मेथड (जिला चालायला आधी ऑब्जेक्ट लागत नाही) आधी ऑब्जेक्ट पूर्ण तयार करते, मग लोड() करते. त्याच पॅरेंटचे बाकीचे क्लासही तपासले. एका नव्या, अजून वापरात न आलेल्या क्लासचं लोड() कपातीचा दर वापरत होतं. तो दर साध्या डबल, म्हणजे दशांश आकड्याच्या, फील्डमध्ये. त्याला अजून किंमत मिळालेली नाही, म्हणजे त्या क्षणी शून्य. रिपोर्ट कोरा निघाला नसता, आकडे तेवढे चुकले असते, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

तिकिटावर कारण म्हणून पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर लिहिला. तिची ओळ कोडमध्ये तशीच आहे.