वाट बघणारं जेवण

कडक भाकरी मुद्दाम कडक करतात, हे पुण्याच्या माणसाला पटवून देणं फार अवघड. त्याला वाटतं, काल उरली, वाळली आणि या सोलापूरकरांनी तिचंच कौतुक करून ती विकायला काढली. तसं नाही हो. ही भाकरी मुळातच पातळ करतात आणि भाजून झाली की मंद आचेवर तिच्यातला ओलावा पार जाईपर्यंत ठेवतात. ओलावाच नाही म्हटल्यावर बुरशी धरणार कशाला? कोरड्या डब्यात आठवडेच्या आठवडे राहते. तोडून आमटीत चुरली की पाच मिनिटांत जेवण तयार. आणि ती पाच मिनिटंसुद्धा तिला भिजायला लागतात, आपल्याला काही करायचं नसतं.

आमच्या घरात या भाकरीला फार मान आहे, कारण कोण कधी घरी येईल हे आमच्यात कुणालाच सांगता येत नाही. बायको मोहोळ तालुक्यातल्या शाळेत शिकवते, एसटीनं जाते-येते. मुलगी बारावीला, म्हणजे ती कॉलेजात असते, क्लासला असते किंवा मैत्रिणीकडे ‘अभ्यासाला’ असते. मी नोकरीला होटगी रोडवर आणि राहायला जुळे सोलापुरात, त्यामुळे पहिला मी पोचतो. संध्याकाळचा स्वयंपाक म्हणून माझ्याकडे आला. त्यात पुरोगामीपणा वगैरे काही नाही. जो आधी पोचेल त्यानं गॅस पेटवायचा, एवढाच करार.

सुरुवातीला मी मोबाइलवरचे ‘पंधरा मिनिटांत पौष्टिक जेवण’ असले व्हिडिओ भक्तिभावानं बघायचो. त्यातल्या बाईंकडे तीन रंगांची ढोबळी मिरची आधीच चिरलेली असते, भांडी घासायला त्या थांबत नाहीत आणि पंधराव्या मिनिटाला सगळं कुटुंब हसत टेबलाशी बसलेलं असतं. माझी अडचण पंधरा मिनिटांची नव्हतीच. ती पंधरा मिनिटं कधी सुरू करायची, ही होती. सातला भाजी केली तर मुलगी साडेआठला येते. तोवर भाजीनं मान टाकलेली असते आणि पोळी वातड झालेली असते. मग ‘पप्पा, मी बाहेर थोडं खाल्लंय’ हे वाक्य ठरलेलं. झटपट होणारं जेवण झटपट खावंही लागतं, हे त्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. धावपळीच्या घराला हवं असतं वाट बघणारं जेवण. कुणीही, केव्हाही आलं तरी तोंड न पाडणारं.

असं जेवण शोधायला मला लांब जावं लागलं नाही, कारण आमचा जिल्हा त्याच जेवणावर वाढलेला आहे. शेतावर जाणारा माणूस, मिलमध्ये पाळीवर जाणारा, यंत्रमागावर चादरी-टॉवेल विणणारा, यांतल्या कुणाचीच जेवणाची वेळ स्वतःच्या हातात नव्हती. बरोबर न्यायचं ते टिकणारंच हवं. करमाळा-जेऊरकडची बाजार आमटी घ्या. नावाप्रमाणे ती आठवडी बाजारातली. चार-पाच डाळी एकत्र शिजवायच्या, काळा मसाला सढळ हातानं घालायचा, मोठ्या पातेल्यात उकळत ठेवायची आणि कडक भाकरी चुरून हाणायची. ही आमटी जितकी थांबेल तितकी मुरते. उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला उलट जास्त चांगली येते. घरच्या जेवणाच्या बाबतीत इतका न्याय मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

येसराचंही तसंच. धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं हे पीठ बार्शीकडे आणि मराठवाड्यात घरोघरी असतं. कांदा-लसणाची फोडणी द्यायची, पाणी ओतायचं, येसर पाण्यात कालवून सोडायचं, उकळी आली की आमटी. पाकिटातल्या सूपवाल्यांनी हे केव्हा पाहिलं कोण जाणे. फरक इतकाच की येसरात काय पडलं ते घरात सगळ्यांना माहीत असतं. ते वाचायला चष्मा लागत नाही.

भाकरी मात्र मला थापता येत नाही. उंडा मळेपर्यंत ठीक चालतं, परातीत फिरवायला लागलो की नकाशे तयार होतात. पण सोलापुरात त्यावाचून काही अडत नाही. संध्याकाळी चुलीवर नाहीतर गॅसवर भाकरी करून विकणाऱ्या बायका इथे जागोजागी आहेत. आमच्या वाटेवरच्या मावशी मला लांबून ओळखतात. ‘दादा, गरम द्यायची का कडक?’ एवढाच प्रश्न. मी दोन्ही घेतो. गरम आज रात्रीसाठी आणि कडक उद्या काय होईल ते होईल त्यासाठी. विकत आणलेली भाकरी म्हणजे घरचा स्वयंपाक नव्हे, असं आमच्या एका नातेवाईक बाईंचं मत आहे. त्यांच्याकडे पोळ्यांना बाई येते. असो.

रविवारी बायको भाकरी करते आणि मी दळण आणतो. हे काम दिसतं त्यापेक्षा महत्त्वाचं आहे. ज्वारीत गव्हासारखं चिवट ग्लुटेन नसतं, त्यामुळे पीठ ताजं असेल तरच भाकरी नीट थापली जाते. फार दिवस ठेवलं की ते विरी जातं, भाकरीला चिरा पडतात. मग उकळतं पाणी घालून उकड काढा, कडा सांधत बसा. म्हणून थोडं थोडं दळायचं. ज्वारी मंगळवेढ्याची मिळाली तर उत्तमच. तिथल्या काळ्या रानातल्या या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. आणि या भागात घरोघरी खाल्ली जाणारी मालदांडी ३५-१ ही ज्वारीची जात निवडून काढली ती मोहोळच्या संशोधन केंद्रात. हे मी बायकोला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, ‘अहो, मी रोज त्याच गावावरून जाते. मला एसटीत बसायला जागा मिळेल असं वाण काढा म्हणावं.’

आता पौष्टिकपणाचं. ज्वारीत शंभर ग्रॅममागे दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, तंतूही भरपूर. पण त्या प्रथिनांत लायसिन नावाचा एक घटक कमी पडतो. तूर, मूग, मटकी, हुलगा यांत तो चांगला असतो. म्हणजे भाकरी आणि आमटी ही जोडी नुसती चवीची नाही, एकीचं उणं दुसरी भरून काढते. आमच्या आज्यांना लायसिन माहीत नव्हतं. पण हुलग्याचं माडगं आणि शेंगोळे त्यांना पक्के माहीत होते, आणि भाकरीबरोबर काहीतरी डाळीचं हवंच यावर त्या ठाम होत्या.

शेंगांच्या चटणीबद्दल मात्र मला गावाविरुद्ध थोडं बोलायचंय. चटणी थोरच आहे, वाद नाही. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ, बस. पण ती कांडलेली हवी. मिक्सरच्या पात्यानं दाण्याचे तुकडे होतात, भुगा पडतो. उखळात मुसळाचे घाव बसत राहिले की दाण्यातलं तेल बाहेर येतं आणि चटणीला तो ओलसर, लालसर गोळेपणा येतो. हे ठीक. पण आपण ती भाजीसारखी वाढून घेतो. शेंगदाणा म्हणजे निम्म्याच्या आसपास तेल, शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी, आणि वर मीठ. डॉक्टरांनी माझा रक्तदाब मोजला आणि ‘सोलापूरचे ना?’ एवढंच विचारलं. तेव्हापासून आमच्याकडे चटणीच्या बरणीत छोटा चमचा असतो. मुलगी तो काढून मोठा घालते, बायको परत छोटा घालते. मी त्यात पडत नाही. डावा हात दहीकांद्याकडे वळवतो.

आठवड्याचं जेवण रविवारीच करून डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायचं, ही पद्धतही आम्ही करून पाहिली. गुरुवारी तो डबा उघडायला कुणाचा हात होईना. शिजवलेलं जेवण साठवण्यापेक्षा अर्धी कामं साठवलेली बरी, असं माझं मत झालंय. सोललेला लसूण, दाण्याचा कूट, मोड आलेली मटकी, एका डब्यात येसर. मटकीला मोड असले की संध्याकाळी डोकं चालवावं लागत नाही. फोडणी टाकली, मटकी परतली, कूट घातला, झालं. थकलेल्या माणसाला हात हलवायचा कंटाळा फारसा नसतो. ‘आज काय करू’ हे ठरवायचा असतो. मोड आलेली मटकी ते परस्पर ठरवून टाकते.

उन्हाळ्यात सगळं गणित बदलतं. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की दुपारची आमटी रात्रीपर्यंत वाट बघत नाही, आंबते. तेव्हा ज्वारीची आंबील. ती आधीच आंबवलेली, तिला आणखी काय होणार? ताक, मीठ, जिरं घालून माठाशेजारी ठेवायची. येता-जाता ज्यानं त्यानं प्यावी.

पालेभाजीचा दिवस आमच्याकडे नळ ठरवतो. शहरात पाणी काही दिवसांआड येतं, आणि मेथी किंवा चाकवत नीट धुवायचा तर तीन-चार पाणी लागतात. भरलेल्या पिंपातलं पाणी मोजून वापरताना मातीची मेथी कोण घरात आणेल? म्हणून मधल्या दिवसांत वांगी, दोडका, गवार, कडधान्यं. पाणी आलं की मी लक्ष्मी मंडईतून दोन पिशव्या हिरवं घेऊन येतो. आहारतज्ज्ञ रोज पालेभाजी खा म्हणतात. त्यांच्याकडे रोज पाणी येत असावं.

उद्या आमच्या भागात पाण्याची पाळी आहे, म्हणून आज मी अंबाडीच्या दोन जुड्या आणल्यात. अंबाडीत ज्वारीच्या कण्या घालायच्या की तुरीची डाळ, यावर आमच्याकडे लग्नापासून एकमत नाही. बायकोच्या माहेरी डाळ घालतात. पण उद्या तिची शाळेत मीटिंग आहे, घरी आधी मी पोचणार. कण्या मी रात्रीच भिजत घालून ठेवल्यात.