खाचांचे पत्ते आणि आयनांची नावे

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचा निरोप आला, तेव्हा नववीच्या वर्गात आमच्या शास्त्राच्या सरांनी संयुगांची नावे कशी शिकवली, तेच सविस्तर लिहावे असे मनाने घेतले. कारण तासगावच्या द्राक्षपट्ट्यात खते-औषधांचे दुकान चालवताना त्या शिकवणीचा आधार मला आजही रोज लागतो.

सरांनी आम्हांला नावांची यादी पाठ करायला दिली नाही. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांचे पत्ते त्यांनी स्वतः कापून आणले होते. विद्युतप्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट म्हणजे आयन. धन आयनाच्या पत्त्याला जितका प्रभार तितक्या खाचा आणि ऋण आयनाच्या पत्त्याला तितक्या जिभा. सोडियमला एक खाच, कॅल्शियमला दोन, ॲल्युमिनियमला तीन. क्लोराइडला एक जीभ, ऑक्साइडला आणि सल्फेटला दोन. एकही खाच रिकामी न राहता पत्ते जुळले, की रेणुसूत्र तयार. ॲल्युमिनियमचे दोन आणि ऑक्साइडचे तीन पत्ते एकत्र आले, तरच सहा जिभा सहा खाचांत बसत. कार्बन डायऑक्साइडच्या नावात 'डाय' येतो, मग ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या नावात दोन आणि तीन का येत नाहीत, असे वर्गात कोणीतरी विचारले. सर म्हणाले, "इथे संख्या खाचांनीच ठरवली आहे, नावाने ती पुन्हा कशाला सांगायची?" कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यापासून मोनॉक्साइडही होतो आणि डायऑक्साइडही, म्हणून तिथे संख्या बोलून दाखवावी लागते. आयनिक संयुगांच्या नावांविषयी याहून नेमके स्पष्टीकरण मी नंतर कुठेही ऐकले नाही.

लोहाचे मात्र दोन पत्ते होते, एक दोन खाचांचा आणि एक तीन खाचांचा. पहिल्याचे नाव फेरस, दुसऱ्याचे फेरिक. किंवा जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांनी १९१९ मध्ये सुचवलेल्या पद्धतीने लोहापुढे कंसात रोमन दोन किंवा रोमन तीन. सरांनी हिराकसाचे, म्हणजे फेरस सल्फेटचे, फिकट हिरवे द्रावण उघड्या चंचुपात्रात ठेवले. ते हवेने पिवळसर तपकिरी होत गेले, तेव्हा फळ्यावरचे 'फेरस' पुसून त्यांनी तिथे 'फेरिक' लिहिले. नावाच्या शेवटातला फरक आम्ही असा डोळ्यांनी पाहिला.

आम्लांसाठी सरांनी हायड्रोजनचा एक खाचेचा पत्ता पुढे केला. ऋण आयनाचे नाव 'एट'ने संपत असेल तर आम्लाच्या नावात 'इक' येते आणि 'आइट'ने संपत असेल तर 'अस': सल्फेटपासून सल्फ्युरिक, सल्फाइटपासून सल्फ्युरस, तसेच नायट्रिक आणि नायट्रस. क्लोराइडसारख्या 'आइड'वाल्यांच्या आम्लाला मात्र आधी 'हायड्रो' लागते. हायड्रोजन क्लोराइड हा वायू पाण्यात विरघळला, की त्याला हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणायचे. आम्लारींची नावे सर्वांत सोपी. धातूच्या नावापुढे हायड्रॉक्साइड लावले, की झाले. आम्लारी असूनही अमोनिया तेवढा या चौकटीत बसत नाही, हे सरांनी प्रामाणिकपणे सांगून ठेवले होते.

ही शिस्तबद्ध नावे मुळात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १७८७ मध्ये पॅरिसमध्ये मांडलेल्या पद्धतीतून आली. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, अशी त्या वेळची समजूत होती. आजच्या हायड्रोक्लोरिक आम्लाला तेव्हा म्युरिएटिक आम्ल म्हणत आणि त्यातही ऑक्सिजन असणार असे धरून चालत. क्लोरीन हे मूलद्रव्य आहे आणि त्या आम्लात ऑक्सिजन नाही, हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये दाखवून दिले. जुने नाव पाठ्यपुस्तकांतून गेले, पण माझ्या दुकानातील पोत्यांवर ते अजून छापून येते: 'म्युरिएट ऑफ पोटॅश', म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. द्राक्षवेलीला क्लोराइड मानवत नाही, म्हणून बागाईतदाराने दर कमी म्हणून ते पोते मागितले तरी मी आधी त्याला नावाचा अर्थ सांगतो आणि पोटॅशियम सल्फेट पुढे ठेवतो.

पोत्यावरचे नाव नीट वाचता आले, तर कोणते खत कोणाबरोबर मिसळू नये हेही कळते, आणि याची आमच्या भागात फार गरज आहे. कॅल्शियम नायट्रेट आणि पोटॅशियम सल्फेट ही दोन्ही खते पाण्यात चांगली विरघळतात. पण एकाच टाकीत दाट द्रावण केले, तर एकाचा कॅल्शियम आणि दुसऱ्याचा सल्फेट एकत्र येऊन जिप्सम, म्हणजे सहज न विरघळणारे कॅल्शियम सल्फेट, तयार होते, टाकीच्या तळाशी पांढरा साका बसतो आणि ठिबकचे ड्रिपर चोंदतात. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचेही तसेच होते. गिऱ्हाईक घाईत असले तरी मी दोन्ही पोती शेजारी ठेवून त्याला नावांचा पहिला आणि दुसरा शब्द वाचायला लावतो, कोणाचा पहिला कोणाच्या दुसऱ्याशी जुळून साका धरेल ते दाखवतो, आणि ती खते वेगवेगळ्या दिवशी सोडायला सांगतो.