भजन मंडळ रेकॉर्ड करायचंय? मग आधी मेट्रोनोम बंद करा

इथूनच सुरू करतो, कारण यूट्यूबवर कोणतीबी शिकवणी उघडा, पहिल्या पाच मिनिटांत तो माणूस क्लिक, म्हणजे मेट्रोनोमची टकटक, लावायला सांगतो. स्टुडिओत ते बरोबरच आहे, तिथं एकेक जण वेगवेगळ्या दिवशी येऊन आपापलं वाजवून जातो, त्याला धरायला काहीतरी लागतं. पण आमच्याकडं, म्हणजे अमरावती जिल्ह्यात मोझरीच्या आजूबाजूच्या गावांत, मंडळ एका खोलीत सतरंजीवर गोल बसून गाते, पेटी खंजेरी टाळ ऑक्टोपॅड (काठीनं वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड) सगळं एकदमच, आणि लय पहिल्या कडव्याला एक असते, दुसऱ्याला जरा वर सरकते आणि गजराला तर पार सुटते. ती चढणं चूक नाही, भजनात तीच तर मजा आहे. खंजेरीवाल्याच्या कानात टकटक घालून त्याला एका जागी बांधून ठेवलं की ते भजन भजन राहत नाही, शाळेतली कवायत होते. म्हणून मेट्रोनोम बंद, काउंट-इन (सुरू व्हायच्या आधीची मोजणी) बंद, आणि प्रोजेक्टचा टेम्पो काय दिसतो तिकडं बघायचंसुद्धा नाही. फक्त एक पाळायचं, ते खाली ऑक्टोपॅडच्या भागात सांगतो.

मी रिपर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो. ६० दिवस वापरून बघता येतं आणि लहान लायसन्स ६० डॉलरचं आहे, शिवाय माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते न कुरकुरता चालतं. तुमच्याकडं क्यूबेस असो की एफएल स्टुडिओ, मेनूची नावं बदलतील, आतली गोष्ट तीच.

प्रेफरन्सेसमधी ऑडिओ, त्याखाली डिव्हाइस. इथं ऑडिओ सिस्टिम म्हणून आसिओ (आवाज कमी उशिरात नेणारी ड्रायव्हरची पद्धत) निवडायचं आणि ड्रायव्हर आपल्या इंटरफेसच्या, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या यंत्राच्या, कंपनीचाच टाकायचा. आसिओ-फोर-ऑल नावाचं जे फुकट मिळतं ते खरा ड्रायव्हर नाहीच, विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेलं आवरण आहे, इंटरफेस नसला तर कामाला येतं पण इंटरफेस असताना ते लावू नका. मग खाली 'इनेबल इनपुट्स'ला टिक आणि त्याच्या खालचे फर्स्ट आणि लास्ट हे दोन डबे नीट बघा, लास्टमधी दोन नंबरचं इनपुट राहून गेलं तर चार इनपुटचा इंटरफेस घेऊनबी ट्रॅकला दोनच दिसतात आणि मग लोक दुकानदाराला शिव्या घालतात.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते, ४८,०००. सीडीचा ४४,१०० असतो हे खरं, पण आता सीडी कोण काढते बापा, मंडळाला यूट्यूबवर व्हिडिओ टाकायचा असतो आणि मोबाइलचा व्हिडिओ साधारण ४८,००० वरच आवाज धरतो. दोन्हीकडं एकच आकडा असला की कटकट मिटली. ४४,१०० ची फाइल चुकून ४८,००० म्हणून वाजली तर सगळं जवळपास ९ टक्के भरभर जातं आणि सूर दीड पट्टी वर चढतो, काळी एकचा बुवा एकदम पोरासारखा ऐकू येतो. बिट डेप्थ, म्हणजे प्रत्येक नमुन्याची बारकाई, २४. जागेचा हिशोब सांगून टाकतो, ४८,००० आणि २४ बिटला एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या थोडा वर जातो, म्हणजे चार माइक तासभर चालले तर दोन जीबीच्या आसपास. एवढी जागा कोणाहीकडं असते, जागेसाठी १६ बिटवर उतरू नका.

आता बफर, म्हणजे ब्लॉक साइज, लॅपटॉप एका वेळी किती सॅम्पल हाताळतो ते. यावर नेटवर जेवढी मारामारी आहे तेवढी दुसऱ्या कशावर नसन. हिशोब साधा आहे, १२८ सॅम्पल भागिले ४८,००० म्हणजे २.७ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे १०.७, १०२४ म्हणजे २१ च्या वर, आणि हे एका बाजूचं, आवाज आत जाऊन परत कानात यायला दोन्ही बाजू मोजा आणि वरून इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ. गायकानं हेडफोन लावला, बफर १०२४ आहे आणि आवाज रिपरमधून फिरून येतोय, की तो थांबतोच, "माहा आवाज मले उशिरा काऊन ऐकू येते बे?" म्हणून सगळे बफर कमी करायच्या मागं लागतात, ६४, ३२, आणि मग जुना लॅपटॉप फटफट करायला लागतो, रेकॉर्डिंगमधी बारीक बारीक टिचक्या येतात, त्या नंतर नीट काढता येत नाहीत.

माझं म्हणणं, मंडळाला हेडफोन द्यायचाच कशाला? ते एका खोलीत बसलेत, एकमेकांना ऐकताहेत, हवेतून आवाजाला एक मीटर यायला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात आणि त्यावर त्यांचं पिढ्यानपिढ्या जुळत आलंय. सगळ्या ट्रॅकचं रेकॉर्ड मॉनिटरिंग (रेकॉर्ड होतानाच आवाज रिपरमधून ऐकवणं) बंद करा, बफर ५१२ किंवा १०२४ ठेवा आणि निवांत रेकॉर्ड करा. हेडफोन फक्त रेकॉर्ड करणाऱ्याच्या कानात, तोबी इंटरफेसवरून थेट. कोरस नंतर वेगळा चढवायचा असेल तेव्हाच गाणाऱ्यांना हेडफोन लागतो, तेव्हा इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर बटन दाबा, आवाज लॅपटॉपात न जाताच कानात येतो, बफरचा प्रश्नच उरत नाही. अन् ब्लूटूथवाले हेडफोन अजिबात नाही, ते शे-दीडशे मिलिसेकंद सहज खातात, तिथं कोणतीच सेटिंग कामाची नाही.

असं वरून चढवताना रेकॉर्डिंगच्या पानावर 'यूज ऑडिओ ड्रायव्हर रिपोर्टेड लेटन्सी'ला टिक असू द्या. ड्रायव्हर जेवढा उशीर सांगतो तेवढं रिपर नवीन ट्रॅक मागं सरकवून बसवतं. ड्रायव्हर खरं सांगतो का हे बघायचं असेल तर इंटरफेसच्या आउटपुटमधून एक केबल त्याच्याच इनपुटला लावा, एक टक् असा आवाज वाजवून रेकॉर्ड करा, मोठं करून बघा. मूळ टक् आणि नवीन टक् एकाखाली एक आले तर झालं, नाही आले तर जेवढा फरक तेवढा मॅन्युअल ऑफसेटमधी भरायचा.

लेव्हल लावताना बुवाला "हॅलो हॅलो" म्हणायला लावू नका, त्यातून काहीच कळत नाही. सरळ गजर घ्यायला लावा, टाळ खंजेरी सगळं पूर्ण जोरात, आणि तेव्हा मीटरची टोकं उणे १२ डीबीच्या आसपास येतील एवढाच गेन (माइकचा आवाज वाढवायचं बटन) ठेवा. खंजेरीची थाप आणि तिच्या झांजा फार अणकुचीदार असतात, मीटर दाखवते त्याच्या आधीच शून्याला टेकून जातात आणि शून्यावर फाटलेला आवाज फाटलेलाच राहते, कोणतं प्लगइन (रिपरमधी जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) लावा. कमी घेतलं तर २४ बिटमधी नंतर वाढवता येतं. खंजेरीला मी साधा डायनॅमिक माइक देतो, जरा बाजूनं, हातभर दूर. ४८ व्होल्टचं बटन फक्त कंडेन्सर माइकसाठी.

आता ऑक्टोपॅड, आणि इथं मिडी येतं. बऱ्याच मंडळांत आता पॅडवाला पोट्टा असतोच आणि लोक त्याचा फक्त आवाज घेतात, लाइन आउटमधून. माझं सांगणं, आवाजबी घ्या आणि मिडीबी घ्या, दोन्ही एकाच वेळी, दोन वेगळ्या ट्रॅकवर. मिडीत आवाज नसतोच, कोणता पॅड, किती जोरात, कधी, एवढंच लिहिलं जातं, जोर १ ते १२७ मधी. म्हणून नंतर एखादी थाप चुकीच्या पॅडवर पडली असेल तर ती उचलून बरोबर जागी ठेवता येते, ढोलक पातळ वाटला तर दुसरा ढोलक लावता येतो. बुवाचा बसलेला गळा असा दुरुस्त होत नाही, म्हणून तयारीचा वेळ माइकला द्या, मिडीला पाच मिनिटं पुरतात.

मिडी १९८३ चं आहे आणि मूळ नियम तेच राहिलेत, त्यामुळं कोणाकडं पाच टाचण्यांच्या गोल सॉकेटचा जुना ऑक्टोपॅड पडला असेल तर तोसुद्धा चालतो, फक्त मिडी ते यूएसबी केबल लागते. पॅडच्या आउटमधून निघालेलं केबलच्या इनमधी जायला पाहिजे, इन ला इन लावून बसले तर रात्रभर काही येणार नाही. प्रेफरन्सेसमधी मिडीच्या यादीत डिव्हाइस दिसलं की ते इनेबल करा, मग ट्रॅकच्या इनपुटला मिडी, ते डिव्हाइस आणि ऑल चॅनल्स. ऑर्गन, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, असेल तर मात्र ऑल नको, कारण ताल लावलेला ऑर्गन उजवा हात, डावा हात, ढोल सगळं वेगवेगळ्या चॅनलवर एकदम पाठवतो आणि एकाच ट्रॅकवर खिचडी होते. उजव्या हाताचा चॅनल तेवढा निवडा, बहुतेक तो १ असतो.

मिडी ट्रॅकवर प्लगइन लावून ठेवलं असेल तर मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर पॅडचा स्वतःचा आवाज आणि लॅपटॉपचा आवाज मागंपुढं येऊन प्रत्येक थाप डबल ऐकू येते. इनपुट क्वांटाइझ (थापा आपोआप मात्रेवर ओढणं) बंद, हे तर सांगायलाच नको, क्लिक नसलेल्या भजनात ते थापा ओढून कुठंबी नेऊन ठेवन. आणि दुसरा ढोलक लावल्यावर डग्ग्याच्या जागी घंटी वाजली तर घाबरू नका, पॅड जो नोट नंबर पाठवतो त्यावर त्या प्लगइननं घंटी ठेवलेली असते, नंबर बदलला की झालं.

वर म्हणलो होतो ते पाळायचं हे, रेकॉर्डिंग झाल्यावर प्रोजेक्टच्या टेम्पोला हात लावायचा नाही. ऑडिओ सेकंदांत बसलेला असतो, मिडी मात्राच्या हिशोबात. टेम्पो बदलला की खंजेरी एकीकडं आणि ऑक्टोपॅड दुसऱ्या गावाला जाऊ शकतो. बदलायचाच असेल तर आधी त्या मिडी आयटमच्या सोर्स प्रॉपर्टीजमधी जाऊन 'इग्नोर प्रोजेक्ट टेम्पो'ला टिक करा.

लाइनचं काय सांगायचं, ती आपल्या हातात नाही. पण लॅपटॉप चार्जरवर असताना जी घूंऽऽ येते ती बहुतेक अर्थिंगची असते, खेड्यातल्या अर्ध्या घरांत तिसरी टाचणी नुसती शोभेला. चार्जर काढा, बॅटरीवर रेकॉर्ड करा, बऱ्याचदा तिथंच संपते. यूएसबीवर चालणारा इंटरफेस घेतला तर लाइन गेली तरी माइक चालू राहतात, ऑक्टोपॅड तेवढा बंद पडतो. इन्व्हर्टरवर मात्र चार्जर लावून घेऊ नका, स्वस्तातल्या इन्व्हर्टरची करकर ५० हर्ट्झच्या घूंपेक्षा वाईट, ती वरच्या सुरांत पसरते आणि निघता निघत नाही. रेकॉर्ड दाबायच्या आधी प्रोजेक्ट सेव्ह केलेला असावा, म्हणजे फाइली त्याच फोल्डरमधी जातात, आणि वायफाय बंद.

राहिली पेटी. जुनी पेटी ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या सुराला क्वचितच असते, थोडी वर नाहीतर थोडी खाली, आणि ऐकताना कळत नाही कारण सगळे तिलाच धरून गातात. कळते तेव्हा, जेव्हा तुम्ही नंतर मिडीवर तानपुरा किंवा बासरी चढवता. म्हणून मंडळ बसलं असतानाच पेटीवाल्याकडून दहा सेकंद नुसता सा धरून घ्या, वेगळा रेकॉर्ड करा, त्या ट्रॅकवर री-ट्यून लावा, ते किती सेंट (एका पट्टीचा शंभरावा भाग) फरक आहे दाखवते. तेवढेच सेंट प्लगइनच्या फाइन ट्यूनमधी भरायचे. हा सा त्या रात्रीच घ्यायचा, कारण पुढच्या वेळी पेटीवाला दुसऱ्याचीच पेटी मांडीवर घेऊन बसलेला असते.