रेड कार्ड घेताना चिपचा क्रमांक मिळवणे : माझा अनुभव

आमच्या कार्यालयातल्या फाइल सर्व्हरवर ओपनबीएसडी (युनिक्स घराण्यातली मुक्त ऑपरेटिंग प्रणाली) चालते आणि त्याच्यासाठी हार्डवेअर रेड कंट्रोलर, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एक डिस्क बिघडली तरी माहिती टिकवणारे कार्ड, निवडण्याचे काम माझ्याकडे आले. खर्चाची मंजुरी, डिस्कची खरेदी, प्रणाली बसवणे हे सारे विनासायास पार पडले. घोडे अडले ते एकाच प्रश्नापाशी, की या कार्डावर चिप कोणती आहे.

पुरवठादाराच्या कोटेशनमध्ये ‘८ पोर्ट, १२ जीबीपीएस, लिनक्स सपोर्टेड’ एवढाच मजकूर होता. ड्रायव्हर, म्हणजे प्रणालीतला कार्ड चालवणारा प्रोग्राम, ओळखतो तो चिपला, खोक्यावरच्या नावाला नव्हे. मेगारेड या रेड कार्डांच्या घराण्यातल्या एसएएस २१०८ चिपला ओपनबीएसडीमध्ये ‘एमएफआय’ ड्रायव्हर लागतो, तर २२०८ आणि ३१०८ या चिपना ‘एमएफआयआय’. लिनक्सवाल्यांनाही ‘सपोर्टेड’ हा शब्द पुरत नाही, कारण २०१९ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ ने एसएएस १०७८ सारख्या जुन्या चिपचा आधार काढून टाकला आणि ती चिप असलेले डेलचे पर्क ६/आय कार्ड बसवलेल्या चालत्या सर्व्हरवर नव्या आवृत्तीला डिस्कच दिसेनाशा झाल्या. हे सर्व मी लिहून कळवले, तरी विक्री विभाग तांत्रिक विभागाकडे बोट दाखवी आणि तांत्रिक विभाग खोक्यावरचे लेबल वाचून दाखवी. कार्डाचा फोटो मागितला, तर त्यात चिपवर हीटसिंक (उष्णता घालवणारा धातूचा तुकडा) बसवलेला, त्यामुळे क्रमांक झाकलेला. ‘आधी घ्या, नाही चालले तर बदलून देऊ’ हे आश्वासन फोनवर सहज मिळे, पण लेखी द्यायला कोणी तयार नव्हते आणि लेखी मिळाल्याशिवाय मी पैसे सोडणार नव्हतो. शेवटी मी एवढेच मागितले, की कार्ड तुमच्याच एखाद्या लिनक्स यंत्रात बसवा, यंत्रातल्या कार्डांची यादी क्रमांकांसह दाखवणारी ‘एलएसपीसीआय -एनएन’ ही आज्ञा द्या आणि कार्डाची ओळ मला पाठवा. त्यांच्याकडच्या एका तरुण अभियंत्याने ते काम चटकन केले. ओळीत १०००:००५डी हा क्रमांक, म्हणजे एसएएस ३१०८ चिप, पाहिल्यावर जीव भांड्यात पडला आणि मी त्याच दिवशी ऑर्डर दिली.

ऑर्डरीपूर्वी ड्रायव्हरचे मॅन पान (प्रणालीसोबत येणारे माहितीपत्रक) उघडून त्यात आपली चिप आहे का ते पाहावे, हे सांगायचे राहिले. डिस्क दिसणे आणि डिस्कची तब्येत कळणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तेव्हाच तपासावे. ओपनबीएसडीमध्ये २००५ च्या ३.८ आवृत्तीपासून ‘बायोक्टल’ हे रेडची स्थिती दाखवणारे साधन मूळ प्रणालीतच येते, त्यामुळे उत्पादकाचा बंदिस्त प्रोग्राम शोधावा लागत नाही. चाचणीसाठी मी एक डिस्क बाहेर ओढली, तेव्हा त्यात ‘ऑनलाइन’च्या जागी ‘डिग्रेडेड’ आले आणि कार्डाचा कर्कश भोंगा सुरू झाला; तो ‘बायोक्टल -ए क्वाएट’ने बंद करता येतो.

कॅशेसाठी (कार्डावरच्या तात्पुरत्या स्मृतीसाठी) वीज गेल्यावर ती टिकवणारे बॅटरी किंवा सुपरकपॅसिटरचे मॉड्यूल कोटेशनमध्ये वेगळे लिहून घ्यावे, कारण ते नसेल तर कार्ड सहसा राइट-थ्रू पद्धतीवर, म्हणजे प्रत्येक लेखन थेट डिस्कवर पोचेपर्यंत थांबून, चालते आणि लिहिण्याचा वेग बराच घटतो. त्याच चिपचे दुसरे कार्ड कपाटात ठेवण्याचा खर्चही मी मंजूर करून घेतला आहे, कारण पहिले जळाले तर डिस्कवरची रचना त्याच घराण्यातल्या कार्डाला ओळखता येते, दुसऱ्या उत्पादकाच्या कार्डाचा तिथे भरवसा नाही.