रातांब्याच्या रंगाने अमोनिया ओळखताना : माझा अनुभव

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर उतरलेली मासळी बर्फावर टिकते, आणि बर्फाच्या कारखान्यांत शीतक म्हणून बहुधा अमोनिया असतो. हवेत त्याचे प्रमाण ३०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग) गेले तर तो जिवावर बेतू शकतो. शिवाय तो तांबे आणि पितळ खातो, आणि किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत विजेची उपकरणे आधीच लवकर गंजतात. म्हणून एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी अमोनिया ओळखणारा, प्रकाशतंतूवर (प्रकाश वाहून नेणाऱ्या बारीक तंतूवर) आधारित संवेदक म्हणजे सेन्सर निवडला. त्यात वायू असेल त्या जागी वीज न्यावी लागत नाही, तिथवर केवळ प्रकाश जातो.

रंगद्रव्यासाठी रातांबा, म्हणजे कोकमाचे फळ, घ्यायचा, हे कोकणात राहणाऱ्याला सुचणे स्वाभाविकच होते. त्याच्या सालीतील अँथोसायनिन हे नैसर्गिक रंगद्रव्य आम्लात लाल असते आणि आम्लारीत (अल्कलीत) निळ्याकडे झुकते. अमोनिया ओलाव्यात विरघळून आम्लारी बनतो, त्यामुळे रंग पालटतो. आमसुलात मीठ असते म्हणून मी ताजी साल वापरली. मात्र सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लही भरपूर असते, आणि ते तसेच राहिले तर येणारा अमोनिया आधी त्या आम्लाचे उदासिनीकरण करण्यात खर्ची पडतो व रंग जागचा हलत नाही. त्यासाठी सालीचा अर्क शोषक राळेच्या (रंग धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या) स्तंभातून सोडला : रंग राळेला धरून राहिला, आम्ल आणि साखर पाण्याबरोबर निघून गेली. मग अल्कोहोलने रंग सोडवून घेतला आणि ते अल्कोहोल कमी दाबाखाली पूर्ण उडवले, कारण माझ्या तंतूचा गाभा, म्हणजे प्रकाश वाहणारा आतला भाग, पीएमएमए या प्लास्टिकचा होता व अल्कोहोलने त्याला बारीक तडे जातात.

तंतूच्या छोट्या भागावरचे आवरण बारीक पॉलिश कागदाने काढून त्या जागी रंग मिसळलेल्या कायटोसानचा पातळ थर दिला. कायटोसान हे पातळ पापुद्रा बनवणारे बहुवारिक (पॉलिमर) कोळंबीच्या सालांपासून मिळते आणि सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळते. थर वाळताना ते आम्ल नीट उडून जाणे आवश्यक असते, नाहीतर वर सांगितलेलीच अडचण पुन्हा उभी राहते.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. पीएमएमएचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो ते सांगणारा अंक) सुमारे १.४९ असतो आणि कोरड्या कायटोसानचा त्याहून थोडा अधिक; त्यामुळे प्रकाश गाभ्यातून थरात शिरतो, थराच्या बाहेरच्या पृष्ठावरून पूर्ण आंतरिक परावर्तनाने, म्हणजे बाहेर न पडता, परततो आणि जाता-येता रंगद्रव्य त्यातील काही भाग शोषून घेते. ५९० नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळसर प्रकाश मी यासाठीच घेतला, कारण निळसर झालेले रंगद्रव्य तो अधिक शोषते. पण दमट हवेत कायटोसान पाणी पिऊन फुगते, त्याचा अपवर्तनांक उतरतो आणि अमोनियाचा लवलेश नसतानाही तंतूतून बाहेर येणारा प्रकाश बदलतो. थर पूर्ण कोरडा ठेवावा, तर अमोनियाला विरघळायला पाणी उरत नाही आणि रंगही पालटत नाही. ओलावा हवा आणि त्याचा परिणामही वजा व्हायला हवा, हा पेच माझ्या मते या साऱ्या कामाचा गाभा आहे. संवेदकाची चाचणी केवळ कोरड्या नायट्रोजनमध्ये करून भागत नाही, ती कोकणच्या जुलैतल्या हवेत व्हायला हवी.

मार्गदर्शक सरांशी चर्चा करून मी शेजारी दुसरा तंतू ठेवला. त्यावर तेवढ्याच जाडीचा, पण रंग नसलेला कायटोसानचा थर होता. दोन्ही तंतूंतून येणाऱ्या प्रकाशाचे गुणोत्तर घेतल्यावर आर्द्रतेचा बराचसा परिणाम निघून गेला. बंद पात्रात सौम्य अमोनियाचे द्रावण ठेवले की रंगीत तंतूतील प्रकाश घटू लागे आणि बिनरंगी तंतूतील जवळपास स्थिर राही. वायू काढून घेतल्यावर रंग हळूहळू मूळपदावर येई, थर जाड असल्यास फारच सावकाश. म्हणून मी थर शक्य तितका पातळ ठेवला.

अँथोसायनिन उजेडाने आणि उष्णतेने फिके पडते, हा नैसर्गिक रंगाचा स्वभाव मला बदलता आला नाही. त्यामुळे रंगीत भाग मी जोडणीतून सुटा होईल असा केला आहे. तो काढून नवा बसवायचा आणि ज्ञात तीव्रतेच्या अमोनियावर पुन्हा अंशांकन (कॅलिब्रेशन) करायचे.