फॉर्म एजंटने भरला, सही मात्र आपली

विमा फसवणूक म्हटले की खोटे अपघात आणि बनावट मृत्यूचे दाखले डोळ्यांसमोर येतात. तसले उद्योग करणारे सराईत असतात आणि त्यांचे काय करायचे ते पोलीस बघतील. मला काळजी वाटते ती साध्या नोकरदार घरांत अर्धवट कळून होणाऱ्या फसवणुकीची. नातेवाइकांची मेडिक्लेमची कागदपत्रे वाचून देण्याचे काम वरचेवर माझ्याकडे येते, त्यामुळे तिचा नमुना आता ओळखीचा झाला आहे.

एजंट घरी येतो, चहा होतो आणि प्रपोजल फॉर्ममधील आजारांच्या रकान्यांत तो स्वतःच ओळीने ‘नाही’ भरत जातो. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे असे कोणी सांगितलेच, तर ‘ते लिहिले की प्रीमियम वाढेल, कशाला डोक्याला ताप?’ हे उत्तर ठरलेले असते. पुढे दीड-दोन वर्षांनी छातीत दुखते म्हणून मध्यरात्री रुग्णालयात नेले की निवासी डॉक्टर केस पेपरच्या पहिल्याच पानावर ‘के/सी/ओ एचटीएन, ५ वर्षे’ असे लिहून मोकळा होतो. म्हणजे हा पाच वर्षांपासूनचा रक्तदाबाचा रुग्ण. कंपनीचा तपासनीस इनडोअर केस पेपर मागवतो तो याच ओळीसाठी.

क्लेम नाकारला जाणे ही केवळ सुरुवात असते. पॉलिसी रद्द होऊ शकते, भरलेला प्रीमियम बुडू शकतो, आणि दुसऱ्या कंपनीकडे जावे तर तिच्या फॉर्मात ‘यापूर्वी आपला विमा नाकारला किंवा रद्द केला गेला आहे काय?’ हा प्रश्न वाट पाहत असतो. जुन्या आजारांचा प्रतीक्षा कालावधीही, म्हणजे ज्या काळात त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजला जातो.

आयुर्विम्यात हे अधिक क्रूर होते. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ मध्ये २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार तीन वर्षांनंतर पॉलिसीला कोणत्याही कारणाने आव्हान देता येत नाही. त्या तीन वर्षांच्या आत मात्र कंपनीने फसवणुकीचा आरोप केला आणि विमाधारक हयात नसेल, तर तो आरोप खोडून काढण्याची जबाबदारी वारसांवर येते. ज्या बाईने तो फॉर्म कधी पाहिलाही नाही, तिने नवऱ्याचा हेतू प्रामाणिक होता हे सिद्ध करायचे! विम्याची बोलणी करणारा माणूस हा कंपनीचाच प्रतिनिधी मानावा, असे स्पष्टीकरण त्याच कलमात आहे, पण चहाच्या टेबलावर काय बोलणे झाले याचा पुरावा कुठून आणायचा? फॉर्म न समजावता सही घेतली हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मधील एका निकालात मान्य केला नाही. मेडिक्लेममध्ये २०२४ पासून ६० महिन्यांनंतर माहिती दडवल्याचे कारण कंपनीला पुढे करता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक त्याला अपवाद आहे.

दुसरा प्रकार रुग्णालयातला. ज्या तपासण्या बाहेरून होऊ शकतात त्यांसाठी ‘मेडिक्लेम आहे ना, मग ॲडमिट दाखवू’ असे कोणी सुचवले की आपल्याला ती सोय वाटते. क्लेम फॉर्मचा भाग ‘अ’ विमाधारकाच्या सहीचा असतो आणि माहिती खरी असल्याची हमी त्यात आपण देतो. म्हणून तो कोरा सही करून कधीही देऊ नये. फुगवलेले बिल आपल्याच विमा रकमेतून वजा होते, हे वेगळेच.

पॉलिसी हाती आल्यावर ती परत करण्यासाठी ३० दिवस मिळतात. त्या मुदतीत सोबतची प्रपोजल फॉर्मची प्रत काढून प्रत्येक ‘नाही’ तपासावा आणि चुकीचा आढळल्यास कंपनीला ई-मेलने कळवावे. एजंटला फोन करून भागत नाही. प्रीमियम थोडा वाढेल, तो वाढू द्यावा. माहिती खरी देऊनही क्लेम नाकारला गेला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तिथे विनाशुल्क ऐकल्या जातात, वकील लागत नाही, आणि मुंबई व पुणे या दोन्ही ठिकाणी लोकपालांची कार्यालये आहेत.